आज्जींचं ‘व्हय’ कुठल्या रकान्यात भरायचं?

माझा एक विद्यार्थी पंचगंगेकाठच्या एका गावात प्रश्नावली घेऊन फिरत होता. विषय पूरग्रस्तांच्या पुनर्वसनाचा. प्रश्नावलीतला एक प्रश्न असा : ‘सुरक्षित ठिकाणी कायमचे स्थलांतर करण्याची आपली तयारी आहे का?’ खाली तीन चौकोन. होय, नाही, सांगता येत नाही. म्हशीचं आंबोण कालवत बसलेल्या एका आज्जींना त्यानं तो वाचून दाखवला. आज्जी मान वर न करता म्हणाल्या, “व्हय म्हणून लिव्ह.” त्यानं चौकोनात खूण केली.

प्रश्न संपले, चहा आला. चहा पिता पिता त्यानं सहज विचारलं, “मग कवा जाणार आज्जी तिकडं?”

“कुठं?”

“वरच्या अंगाला. नव्या जागंत.”

“मी कुठं जातोय बाबा! ही म्हस तिथं कुठं बांधू?”

“मग व्हय का म्हणला?”

“न्हाई म्हणलं तर यादीतनं नाव जातंय की रं.”

रात्री त्याचा मला फोन आला. “सर, आता ती खूण ठेवू का खोडू?”

या प्रश्नाचं उत्तर मला लगेच देता आलं नाही. पोरगा हुशार, त्यानं वाट बघितली नाही. आधी फिरलेल्या घरांत तो पुन्हा गेला, या वेळी कागद पिशवीत ठेवून. तेव्हा त्याच्या तक्त्यातल्या सगळ्या ‘होय’ची पांगापांग झाली. एका घरात ‘होय’ म्हणजे थोरल्याला तिकडं जागा मिळू दे, आम्ही म्हातारा-म्हातारी इथंच राहू. भाड्यानं राहणाऱ्या एका कुटुंबाचं ‘होय’ अगदी खरं होतं, उद्या टेंपो आला असता तर ते चढले असते. एका बाईचं ‘होय’ खरं तर शेजारी बसलेल्या नवऱ्याचं होतं. आणि ‘नाही’ म्हणणाऱ्यांतल्या काहींना जायचं होतं, फक्त दाखवलेल्या जागेवर नव्हे, शेताच्या आसपास कुठंतरी. तक्त्यात मात्र हे सगळं एकाखाली एक मांडून बेरीज झालेली. ऊस, चिपाडं आणि काकवी एकाच काट्यावर घालून वजन सांगावं, तसलाच तो प्रकार.

त्यानं प्रबंधात हे सगळं प्रामाणिकपणे लिहिलं. तोंडी परीक्षेत त्याला काय विचारलं गेलं? नमुना किती, गृहीतक कुठं आहे, काय-वर्ग (chi-square) ही संख्याशास्त्रातली चाचणी का लावली नाही. एका परीक्षकांनी तर हसत हसत सांगितलं की हे वाचायला छान आहे, पण या गप्पा झाल्या, संशोधन नव्हे. मी शेजारीच बसलो होतो. मार्गदर्शक म्हणून जेवढं बोलता येतं तेवढं बोललो, म्हणजे फार नाही. राहिलेलं इथं बोलतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की लोक एखाद्या गोष्टीला काय अर्थ देतात हे समजून घेणं हे मोजणीच्या आधीचं काम आहे. आपण ते मोजणीनंतरची नक्षी समजतो : आधी तक्ते, मग शेवटच्या प्रकरणात दोन-चार मुलाखतींचे उतारे, जेवणानंतरच्या विड्यासारखे. हा उफराटा क्रम आपल्या विद्यापीठीय शिस्तीत मुरलेला आहे, आणि तिथून तो सरकारी योजनांत उतरतो. तिथं त्याची किंमत पैशात आणि पाण्यात मोजावी लागते.

या विचाराला अन्वयार्थवाद असं जड नाव आहे. नाव सोडा, मुद्दा साधा आहे. विल्हेल्म डिल्टाय या जर्मन विचारवंतानं एकोणिसाव्या शतकात मांडलं की निसर्गाचा आपण उलगडा करतो, पण माणसाचं जगणं आपल्याला आतून समजून घ्यावं लागतं. मॅक्स वेबरनं त्यावर समाजशास्त्राची एक पद्धतच उभी केली. त्याचा भर असा की माणूस जे करतो त्यामागं त्याच्या लेखी काहीतरी अर्थ असतो, आणि तो अर्थ कळल्याशिवाय कृतीचं कारण सांगितलं तर ते अर्धवट राहतं. इथं एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण आमच्याकडं नोट्सवर शिकलेल्या पिढ्या ती विसरतात. समजणं विरुद्ध कारण शोधणं अशी कुस्ती वेबरनं लावलेली नाही. अर्थ समजून घेऊन त्यातून कारणापर्यंत जायचं, असं तो म्हणत होता.

पुढं अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झनं गिल्बर्ट राईल या तत्त्ववेत्त्याचं एक उदाहरण जगभर पोचवलं : पापणी लवणं आणि डोळा मारणं. कॅमेऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. रंकाळ्यावर संध्याकाळी फिरणाऱ्या कुणालाही यातला फरक समजावून सांगावा लागत नाही, आणि चुकीचा समजला तर काय होतं तेही.

पण आपल्याला राईल कशाला हवा? कोल्हापूरच्या इतिहासात याहून मोठं उदाहरण पडून आहे, तेही याच नदीच्या घाटावर. एकोणिसावं शतक संपत असताना शाहू महाराज कार्तिक महिन्यात पहाटे पंचगंगेवर स्नानाला गेले होते. भटजी मंत्र म्हणत होते. सोबत असलेल्या राजारामशास्त्री भागवत या पंडितांच्या लक्षात आलं की हे मंत्र वेदोक्त नाहीत, पुराणोक्त आहेत. म्हणजे समोरच्या राजाला भटजी क्षत्रिय मानत नव्हते, शूद्र मानत होते. आता त्या घाटावर एखादा मोजणीदार वही घेऊन उभा असता तर त्यानं काय लिहिलं असतं? स्नान झालं, मंत्र झाले, यजमान एक, पुरोहित एक. सगळं खरं, आणि जे घडलं त्यातलं काहीच नाही. ज्यावरून पुढं अख्खं वेदोक्त प्रकरण पेटलं ती ठिणगी त्या वहीत सापडलीच नसती.

यावर कुणी म्हणेल, शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला मागासवर्गीयांसाठी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा जाहीरनामा काढला तो आकड्यांच्या जोरावरच ना? बरोबर. १८९४ साली त्यांनी राज्यकारभार हाती घेतला तेव्हा सामान्य प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. हा आकडा नसता तर अन्याय डोळ्यांपुढं ठेवता आला नसता. मी आकड्यांचा वैरी नाही. पण तोच ६०चा आकडा ‘बाकीच्यांची लायकीच नाही’ असाही वाचला जात होताच. ती जागा भटजीच्या तोंडून, शाळेच्या पायरीवरून, पाणवठ्यावरून रोज कशी अडवली जाते हे ज्याला आतून कळलं होतं, त्यानं तो आकडा वेगळा वाचला.

पुराकडं परत येतो, कारण माझा खरा राग तिथं आहे.

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. पावसाळ्यात कोल्हापूरकराच्या मोबाईलवर दर काही तासांनी हा आकडा येतो आणि तो यायलाच हवा. पण गावाकडं कान द्या, तिथं वेगळंच मोजमाप चालू असतं. सुतारवाड्यात पाणी आलं का? जामदार क्लबापर्यंत पोचलं का? शिवाजी पुलाजवळ पाणी जुन्या खुणेपर्यंत चढलं की म्हातारी माणसं म्हणतात, मच्छिंद्री झाली. आणि ‘रेडेडोह फुटला’ (म्हणजे रेडेडोहापाशी नदीचं पाणी पात्र सोडून बाहेर पडलं) हे दोन शब्द ऐकले की पन्हाळ्याकडच्या रस्त्यावरची माणसं पुढचं सगळं ओळखतात : रस्ता जाणार, दूध अडणार, वैरण आत्ताच आणून टाकायला हवी, पोरीला सासरहून बोलवायचं असेल तर आज, उद्या नाही. ४३ फूट म्हणजे पाण्याची उंची. रेडेडोह फुटला म्हणजे आता काय करायचं. एक शास्त्र आणि दुसरी अडाणी समजूत, असं यांना समजणाऱ्यानं एक पावसाळा नदीकाठी काढावा.

हेही खरं की ही समजूत माणसाला बुडवू शकते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कितीतरी माणसं वेळेत घराबाहेर पडली नाहीत. नंतर टीव्हीवर शहाणे लोक म्हणत होते, गावकरी हट्टी आहेत. हट्टी नव्हते. त्यांच्याकडं २००५ चा महापूर होता. गावातल्या भिंतींवर त्याची रेघ होती. ‘पाचला उंबऱ्याला लागलं नव्हतं, आता काय लागतंय’ हे अनुभवावरून काढलेलं अनुमान आहे, कुठल्याही तर्कशास्त्राच्या वर्गात पास होईल असं. पाणी या वेळी ५५ फुटांच्या पुढं गेलं आणि अनुमान चुकलं. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा ५५ च्या पुढं. आता नदीकाठी हिशेब ‘एकोणीसच्या वर का खाली’ असा चालतो, म्हणजे धोक्याची नवी रेघ लोकांनी आपली आपण मारली. भिंतीवरच्या रेघेला लोक काय अर्थ देतात हे २००५ ते २०१९ या चौदा वर्षांत कुणी बसून ऐकलं असतं, तर ‘पाणी मागच्या रेघेच्या वर जाणार आहे’ हे एक वाक्य गावोगाव ओरडून सांगता आलं असतं. आपण फूट आणि क्युसेक सांगत राहिलो.

पुनर्वसनाचंही तेच. चिखली-आंबेवाडी या नदीकाठच्या गावांतल्या लोकांसाठी सोनतळीला जागा दिल्या त्याला तीन दशकं उलटून गेली. काही घरं तिकडं गेली, पुष्कळ गेली नाहीत, आणि काहींचं एक पाऊल इथं, एक तिथं. दर मोठ्या पुरानंतर तोच प्रश्न वर्तमानपत्रात येतो : जागा दिली तरी लोक जात का नाहीत? प्रश्नाच्या सुरातच उत्तर असतं, की यांना फुकटची मदत हवी. पण नदीकाठचं घर म्हणजे फक्त झोपायची जागा नव्हे. तिथं गोठा आहे, उकिरडा आहे, वैरणीची गंज आहे, पहाटे आणि संध्याकाळी डेअरीला घालायचं दूध आहे, रात्री मोटार चालू करायला शेतावर जायचं आहे. राहतं घर एकीकडं आणि दावण दुसरीकडं अशी विभागणी करून संसार होत नाही हे आज्जींनी एका वाक्यात सांगितलं होतं. भूखंडाच्या आराखड्यात म्हस नव्हती. प्रश्नावलीतही नव्हती. आणि ज्या गोष्टीचा प्रश्नच विचारला नाही, तिचं उत्तर कितीही मोठ्या नमुन्यात सापडत नाही. दहा हजार घरं फिरलात तरी नाही.

आता भाषेबद्दल थोडं, कारण मराठीतून हे काम करणाऱ्यांची खरी पंचाईत तिथं आहे आणि परदेशी पुस्तकांत तिच्यावर उतारा नाही. त्या विद्यार्थ्यानं मुलाखत लिहून आणली तेव्हा आज्जींचं वाक्य कागदावर असं होतं : ‘मी कुठे जाणार आहे?’ मी रेकॉर्डिंग ऐकलं. त्या म्हणाल्या होत्या, ‘मी कुठं जातोय बाबा!’ कोल्हापुरातल्या बायका ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात हे पुण्यामुंबईच्या लोकांना विनोदी वाटतं, ठीक आहे. पण आमच्याच पोरानं ते शुद्ध करून लिहावं? मूळ वाक्यात निक्षून नकार होता. शुद्ध केलेल्या वाक्यात एक असहाय म्हातारी उभी राहिली, जी त्या गोठ्यात नव्हतीच. पुढं याच वाक्याचं इंग्रजी होणार, कारण शोधनिबंध इंग्रजीत छापायचा, आणि मग त्या असहायतेवर कुणीतरी सिद्धांत बांधणार.

किंवा ‘ईर्षा’ घ्या. प्रमाण मराठीत तो मत्सराच्या घरचा शब्द. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा फुटबॉल सामना बघायला जा. तिथं पेठेची ईर्षा ही अभिमानाची गोष्ट आहे. ईर्षा नाही तो खेळाडू कसला? तालमीतल्या पोरांच्या मुलाखती घेऊन एखाद्यानं ‘युवकांमध्ये मत्सराची भावना आढळते’ असा निष्कर्ष लिहिला तर व्याकरण बिनचूक आणि संशोधन पाण्यात. ‘नाद’ या शब्दाबद्दल तर मी बोलतच नाही.

इथवर वाचून माझ्या बाजूचे लोक खूश झाले असतील, तर त्यांच्याकडंही वळतो. अन्वयार्थवादाच्या नावाखाली आमच्याकडं जे चालतं त्यातलं बरंचसं ‘गप्पा’ या शिवीला पात्र आहे. गणित नको म्हणून गुणात्मक पद्धत निवडायची. पंधरा मुलाखती, त्याही फोनवर, वीस-वीस मिनिटांच्या. त्यातून पाच ठळक मुद्दे काढायचे, जे मुलाखतींच्या आधीच ठरलेले असतात. प्रत्येक मुद्द्याखाली दोन अवतरणं डकवायची. ज्याचं बोलणं मुद्द्यात बसत नाही, त्याला गाळायचं. परीक्षकानं हटकलं की ‘सत्य अनेक असतात’ म्हणून मोकळं व्हायचं. सत्यं अनेक असतील, पण चुकीचं ऐकलेलं वाक्य त्यातलं एक नव्हे.

मग कस कशाला लावायचा? आल्फ्रेड शुत्झ म्हणून एक अभ्यासक होता, दिवसा बँकेची नोकरी करायचा आणि राहिलेल्या वेळात तत्त्वज्ञान. (आपल्याकडं सहकारी बँकांची काही कमी नाही, पण असा नोकरदार अजून निपजायचा आहे.) त्यानं घातलेली अट मला फार उपयोगी वाटते. संशोधक लोकांच्या वागण्याचं जे चित्र काढतो, ते त्या लोकांनाही त्यांच्या रोजच्या समजुतीतून उमगलं पाहिजे. म्हणजे लिहिलेलं गावात नेऊन वाचून दाखवायचं. ‘आमचं असंच असतंय’ असं कुणी म्हणतं का बघायचं, आणि ‘ह्यो कुठनं काढलास?’ म्हणालं तर पुन्हा बसायचं. दुसरी माझी स्वतःची अट : जो माणूस आपल्या मांडणीत बसत नाही त्याच्याकडं सगळ्यात जास्त वेळ द्यायचा. ते भाड्याचं कुटुंब, ज्याचं ‘होय’ खरं होतं, ते आमच्या सगळ्या सुंदर विवेचनाला भोक पाडत होतं. नदी, दावण, उकिरडा यांचं प्रेम जमीनवाल्यांचं. ज्याची म्हस नाही, त्याला कुठंही कोरडी खोली चालेल. आम्ही ‘गावाचा अर्थ’ म्हणून जे लिहायला निघालो होतो तो गावातल्या काहींचा अर्थ होता.

हा आक्षेप मोठा आहे आणि मला त्याचं पूर्ण उत्तर सापडलेलं नाही. अर्थ समजून घ्यायला गेलं की ज्याचा आवाज मोठा त्याचा अर्थ आधी कानावर पडतो. सरपंचाच्या सोप्यावर बसून घेतलेल्या मुलाखतीत वस्तीवरच्या बाईचं मत येत नाही, आलं तरी सोप्याला साजेसं येतं. इथं पुन्हा आकड्याकडं जावं लागतं : जमीन कुणाची किती, भाडेकरू किती, मदत कुणाला पोचली. समजून घेणं म्हणजे मान डोलावणं नव्हे. घाटावरच्या भटजीच्या मनातही स्वतःपुरता एक अर्थ होताच. तो समजून घेतल्यावरच त्याच्याशी भांडता आलं.

आकडे आणि अर्थ एकाच माणसाच्या हातात कसे नांदू शकतात, हे बघायचं तर मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांकडं बघावं. बर्लिनला डॉक्टरेट करताना त्यांनी कवट्या मोजल्या. मार्गदर्शकाला हवा तो वंशश्रेष्ठत्वाचा निष्कर्ष मोजमापांतून निघेना, तर निघत नाही असं लिहिलं. त्याच बाई पुढं वारीत दिंडीबरोबर चालल्या आणि ‘वाटचाल’सारखा लेख लिहिला. एकाच दिंडीत, एकाच अभंगावर चालणाऱ्या बायकांच्या जेवणाच्या पंगती जातीनं वेगळ्या होत्या. ते त्यांना खुपलं, आणि मराठा बायकांबरोबर जेवल्यावर त्या बायकांच्या वागण्यात काय फरक पडला हेही त्यांनी टिपलं. स्वतः पंगतीत बसल्याशिवाय ते कळणार नव्हतं. आजच्या एखाद्या समितीपुढं त्यांनी तो लेख ठेवला असता तर ‘नमुना किती, बाई?’ असंच विचारलं गेलं असतं, याची मला खात्री आहे.

मागणी म्हणाल तर ती फार मोठी नाही. पूररेषा, भूखंड, कायमचं पुनर्वसन यांवर कोट्यवधींचे आराखडे होतात. त्यातल्या एखाद्या कोपऱ्यातून पाच-सहा प्रशिक्षित पोरापोरींना वर्षभर, म्हणजे एक पावसाळा आणि एक ऊसतोडीचा हंगाम धरून, नदीकाठच्या गावांत राहू द्या. आराखड्याच्या आधी, नंतर नव्हे. त्यांनी ऐकलेल्यातून प्रश्नावली तयार होऊ दे, मग खुशाल दहा हजार घरं मोजा. आणि विद्यापीठांच्या पातळीवर एवढंच, की अशा कामाची परीक्षा ते काम येणाऱ्याकडून व्हावी. कुस्तीच्या फडात पंच म्हणून आपण फुटबॉलचा रेफ्री नेमत नाही.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. मी त्याला म्हणालो, खूण खोडू नकोस. आज्जींनी ती विचार करून दिलेली आहे. फक्त ते उत्तर तुझ्या प्रश्नाला नव्हतं, यादीला होतं, एवढं शेजारी लिही. त्यानं लिहिलं. मग शुत्झची अट पाळायची म्हणून ती चार पानं घेऊन तो पुन्हा त्या गोठ्यात गेला आणि आज्जींना वाचून दाखवली. आज्जींनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, “बराबर हाय. आसंच हाय.” तो खूश. मग त्यांनी विचारलं, “पर हे कुणाकुणाला दावणार हाईस? यादीवाल्याला?”

यावर त्याच्याकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडंही नव्हतं. गावाचं नाव आम्ही प्रबंधातून काढलं, आणि इथंही लिहिलेलं नाही.